मुठीतून डोकावणारा ड्रॅगन

जपानला जाऊन काय बघणार, या प्रश्नावर मी "तलवारी" म्हणालो तेव्हा घरच्यांनी कपाळाला हात लावला. त्यातही सरसकट तलवारी नाहीत, पात्यावर कोरीव काम असलेल्याच. माझं आयुष्य भोसरीत डाय आणि पंच बनवण्यात गेलं, त्यामुळे पोलादात कोरणं म्हणजे काय ते हातांना ठाऊक आहे. आमच्याकडे आधी मऊ पोलादात कोरतात आणि मग त्याला पाणी देतात. कडक झाल्यावर कोरायची वेळ आलीच तर स्पार्क मशीनवर टाकतात, छिन्नी कोणी हातात घेत नाही. जपानी कारागीर मात्र पाणी दिलेल्या पात्यावर छिन्नी-हातोडीने ड्रॅगन, देव आणि मंत्राक्षरं कोरत आले, तेही सातशे वर्षांपूर्वीपासून. ते जमतं कसं, एवढंच मला बघायचं होतं. भाचा ओंकार नागोयाला गाड्यांच्या कंपनीत आहे, जपानी घडाघडा बोलतो. "मामा, तुम्ही या तर खरं, बाकीचं मी बघतो," म्हणाला. मग काय, निघालो.

गुरुवार, तोक्यो : उएनो

तोक्यो राष्ट्रीय संग्रहालय उएनोच्या बागेत आहे. होनकान या मुख्य इमारतीतल्या 13 क्रमांकाच्या दालनात तलवारी असतात. त्या आलटून पालटून मांडतात, त्यामुळे आपल्याला हवी तीच दिसेल याची खात्री नाही. आमचं नशीब जोरावर होतं. ज्या एका तलवारीसाठी मी तोक्योला उतरलो होतो, ती ‘कोर्‍यू कागेमित्सु’ समोरच होती.

जपानी तलवार बघायची एक रीत आहे. काचेपुढे सरळ उभं राहिलं तर चकाकणारी पट्टी दिसते, बस्स. गुडघ्यात वाकायचं, मान तिरकी करायची, आणि वरच्या दिव्याचं प्रतिबिंब पात्यावरून हळूहळू सरकवायचं. मग धारेलगतची पांढुरकी लाट उमटते, तिला हामोन म्हणतात. पाणी देताना पात्याला मातीचा लेप देतात, पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ. लाल झालेलं पातं पाण्यात गेलं की पातळ लेपाखालची धार झटकन थंड होऊन कडक होते, आणि जाड लेपाखालचं अंग सावकाश थंड होऊन मऊ राहतं. या दोहोंच्या सीमेवर ती लाट. माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळालं. कोरणारा कडक पोलादात कोरतच नाही. लाट आणि पाठ यांच्यामध्ये जो मऊ पट्टा उरतो, तेवढीच त्याची जागा.

कोर्‍यू म्हणजे छोटा ड्रॅगन. बिझेन प्रांतातल्या ओसाफुनेच्या कागेमित्सुने ही तलवार घडवली आणि तिच्या बुडख्यावर, म्हणजे मुठीत जाणाऱ्या भागावर, 1322 सालाची तारीख कोरली. मुठीलगत पात्यावर एक बारीकसा उठावाचा ड्रॅगन आहे, उभ्या तलवारीला विळखा घातलेला. याला कुरिकारा म्हणतात. पाठीमागच्या बाजूला एक मंत्राक्षर आहे. गंमत अशी, की ड्रॅगन पुरता दिसत नाही. मूठ चढवली की त्याचा बराचसा भाग आत जातो आणि तो मुठीतून डोकावल्यासारखा वाटतो, म्हणून तिला ‘डोकावणारा ड्रॅगन’ असंही नाव पडलं आहे.

कोरणाऱ्याने हे मुद्दाम केलेलं नाही. त्या काळातल्या तलवारी घोडेस्वारांच्या, लांबलचक असत. पुढे पायी लढायची पद्धत वाढली, आखूड तलवारी सोयीच्या वाटू लागल्या, आणि मग जुन्या तलवारी बुडख्याकडून कापून आखूड केल्या गेल्या. टोकाकडून कापत नाहीत, कारण टोकाची कडक धार परत बनवता येत नाही. बुडखा कापला की मूठ वर सरकते आणि तिच्यामागे कोरीव कामही झाकलं जातं. म्हणजे हा ड्रॅगन किती झाकला आहे त्यावरून तलवार किती आखूड झाली ते कळतं. ही तलवार कुसुनोकि मासाशिगे या 14व्या शतकातल्या सेनापतीच्या कमरेला होती अशी समजूत आहे. पुढे ती तलवारींची पारख करणाऱ्या यामादा आसाएमोन घराण्याकडे आली आणि तिथून मेइजी सम्राटांकडे गेली. सम्राटाच्या हातात गेल्यावरही तिची लांबी कोणी बदलली नाही आणि ड्रॅगन होता तिथेच राहिला.

मी भिंग आणलं होतं, पण काचेमुळे त्याचा उपयोग शून्य. डोळ्यांनीच बघितलं. ड्रॅगनच्या खवल्यांच्या कडा मऊ पडल्या आहेत, नाकाचा शेंडाही. ही झीज वापरून झालेली नाही. शिकलगाराच्या, म्हणजे पातं घासून चकाकवणाऱ्याच्या, दगडाखाली पातं जितक्या वेळा जातं तितक्या वेळा पोलादाचा एक पदर उतरतो, आणि शतकानुशतकं पातं घासलं गेलं की उठावाचं काम बसत जातं.

ओंकार तासाभराने कंटाळून कॉफी प्यायला गेला. मी संग्रहालय बंद व्हायची घोषणा होईपर्यंत तिथेच होतो.

शुक्रवार, तोक्यो : ऱ्योगोकु

सुमो कुस्तीच्या मोठ्या आखाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, जुन्या यासुदा बागेच्या कडेला जपानी तलवार संग्रहालय आहे. वास्तुरचनाकार फुमिहिको माकी यांनी बांधलेली ही नवी इमारत जानेवारी 2018 मध्ये उघडली, त्याआधी संग्रहालय योयोगीला होतं. ते चालवणारी संस्था 1948 ची. युद्धानंतर अमेरिकी सैन्याने तलवारी जप्त करायला सुरुवात केली होती, त्या काळात कलावस्तू म्हणून तलवारी वाचवण्याच्या धडपडीतून ती उभी राहिली. पारंपरिक पोलादही हीच संस्था बनवून घेते. शिमाने प्रांतातल्या ओकुइझुमोला 1977 पासून त्यांची तातारा भट्टी दर हिवाळ्यात पेटते, आणि लोहवाळू व कोळशापासून निघालेलं तामाहागाने नावाचं पोलाद देशभरच्या तलवारकारांना पुरवलं जातं.

इथे दालन एकच, पण मांडणी अशी की काचेच्या अगदी जवळ जाता येतं. एकाच खोलीत मला कोरीव कामाची सगळी वंशावळ लावता आली.

सर्वात साधं काम म्हणजे पन्हळ. बो-हि नावाची लांब खोबण पाठीलगत जवळजवळ टोकापर्यंत जाते. तिने वजन उतरतं आणि पात्याच्या मजबुतीला मात्र फारसा धक्का लागत नाही. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको, आय सेक्शनचा गर्डर बघितला की पुरे. मग येतात जोडीच्या दोन आखूड खोबणी, गोमाबाशी. गोमा म्हणजे आपला होम. होमातला समिधा हलवण्याचा जो चिमटा, त्याच्या या दोन काड्या. मग साधी सरळ तलवार, सुकेन. कधी तिची मूठ वज्राची असते. हे सगळं फुदो म्योओ या देवतेचं, म्हणजे बौद्धांच्या अचलाचं. योद्धा त्याची खूण कमरेला बांधून रणात जायचा. आणि मग मंत्राक्षरं. त्यांची लिपी सिद्धम्, आपल्या देवनागरीची चुलत बहीणच म्हणायची. चिनी बौद्धांकडून ती जपानला पोचली. देवाचं चित्र काढायचं नसेल तर त्याचं बीजाक्षर कोरायचं. अचलाचं ‘हां’, अमिताभाचं ‘ह्रीः’, वैश्रवणाचं ‘वै’. शेजारी उभ्या असलेल्या जपानी जोडप्याला ते अक्षर म्हणजे नुसतं कोडं होतं. ओंकारने मला ‘हां’चं अनुस्वाराचं टिंब दाखवलं तेव्हा मी ते मोठ्याने वाचलं, आणि त्या बाईंनी दोन्ही हात जोडले. ओंकार हसू दाबत बाजूला झाला.

16व्या शतकाच्या अखेरीपर्यंत कोरीव कामाचा रोख देवाकडे होता. मग युद्धं थांबली, तलवार मानाची वस्तू झाली, आणि कोरणाऱ्यांचा हात सैल सुटला. क्योतोच्या निशिजिन भागातला उमेतादा म्योजु (1558–1631) हा मूळचा धातूचं नाजूक काम करणारा. तो तलवारीही करायचा, त्यांवर स्वतःच कोरायचा आणि तलवारीच्या मुठीपुढच्या चकत्याही बनवायचा. हिझेन प्रांतातला तादायोशि 1596 मध्ये त्याच्याकडे शिकायला आला. पुढे तादायोशिच्या तलवारींवर कोरायचं काम मुनेनागा करू लागला, आणि त्याचं नाव बुडख्यावर वेगळं लिहिलेलं सापडतं. एदोचा, म्हणजे आजच्या तोक्योचा, कोतेत्सु आधी चिलखतं करायचा, मग तलवारकार झाला. नक्षी त्याची स्वतःचीच, आणि म्हणून तो बुडख्यावर ‘होरिमोनो दोसाकु’ लिहायचा, म्हणजे कोरीव कामही त्याच हाताचं. एचिझेनच्या यासुत्सुगुच्या पात्यांवर किनाई घराण्याचे ड्रॅगन आहेत. यासुत्सुगु परदेशी पोलाद वापरल्याचं बुडख्यावर अभिमानाने लिहायचा.

मला खिळवून ठेवलं ते ओसाकाच्या इक्कान्शि तादात्सुनाच्या कामाने. 1700 च्या आसपासचा माणूस. आखूड तलवारीच्या अर्ध्याअधिक अंगावर वर चढणारा ड्रॅगन, खवला न् खवला सुटा, पंजातली नखं वेगळी. सुरेख आहे यात वाद नाही. पण अर्धा तास बघितल्यावर मला जरा गुदमरल्यासारखं झालं. पातं कुठे संपतं आणि दागिना कुठे सुरू होतो ते कळेनासं होतं. कागेमित्सुचा ड्रॅगन बोटभर, पण सगळ्या पात्याला तोलून धरतो. माझं मत विचाराल तर कोरणाऱ्याने जेवढं कोरायचं सोडून दिलं तेवढा तो मोठा.

तादात्सुनाबद्दल एक गोष्ट सांगतात. 1784 मध्ये एदोच्या किल्ल्यात सानो मासाकोतो नावाच्या सरदाराने तानुमा ओकित्सुगु या वजनदार मंत्र्याच्या मुलाला, ओकितोमोला, भोसकलं. ओकितोमो त्या जखमांनी गेला. सानोच्या हातातली तलवार तादात्सुनाची होती म्हणतात. तानुमा घराणं लोकांच्या डोळ्यांत खुपत होतं, त्यामुळे सानो रातोरात नायक झाला, आणि तादात्सुनाच्या तलवारींचा भाव चढला. बाजार हा असा.

1876 मध्ये सरकारने तलवार बांधण्यावर बंदी घातली आणि बहुतेक तलवारकारांच्या भट्ट्या थंड झाल्या. ओसाकाचा गास्सान सादाकाझु मात्र हातोडा सोडेना. 1906 मध्ये त्याला राजघराण्याचा कलावंत म्हणून मान मिळाला, आणि त्याची ख्याती पोलादाच्या घड्यांनी पात्यावर उमटणाऱ्या पोताइतकीच कोरीव कामाचीही होती. त्याच्या घराण्याची भट्टी आज नारा प्रांतात चालू आहे. बाहेर पडताना कळलं, की हल्लीच्या तलवारकारांच्या वार्षिक स्पर्धेत पात्यावरच्या कोरीव कामाचा स्वतंत्र विभाग असतो.

शनिवार, नागोया

ओंकारच्या घरी मुक्काम. त्याच्या बायकोने मुगाची खिचडी टाकली होती, त्यामुळे सकाळपासून मन प्रसन्न. तोक्योत तांदळाचे गोळे आणि आंबट उमेबोशीवर दिवस काढले होते, सूप म्हणावं तर त्यात मासा.

आत्सुता देवळात कुसानागी तलवार आहे, राजघराण्याच्या तीन पवित्र वस्तूंपैकी एक. ती कोणालाही दाखवत नाहीत. देवळाच्या आवारात 2021 मध्ये कुसानागी-कान हे तलवारींचं छोटं संग्रहालय उघडलं, तिथे ‘तारोताची’ नावाची दोन मीटरहून लांब पात्याची तलवार आहे. आनेगावाच्या 1570 च्या लढाईत ती वापरली असं मानतात. उचलून बघायला तिची प्रतिकृती ठेवली आहे. ओंकारच्या मुलाने दोन्ही हातांनी हिसका दिला, ती जागची हलली नाही.

दुपारी तोकुगावा कलासंग्रहालय. इथल्या संग्रहात ‘फुदो मासामुने’ आहे. मासामुने हा जपानी तलवारकारांचा शिरोमणी, आणि त्याची सही असलेलं पातं क्वचितच सापडतं. त्या क्वचितांत हे सुमारे 25 सेंटीमीटरचं कट्यारीएवढं पातं, आणि त्यावर खुद्द अचलदेव कोरलेला. आम्ही गेलो त्या महिन्यात ते तिजोरीत होतं. दुकानातल्या पुस्तकात फोटो बघितला आणि शेजारच्या बागेत जाऊन बसलो. संध्याकाळी शिनकानसेनने ओकायामा गाठलं.

रविवार, ओसाफुने

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बिझेन ओसाफुने तलवार संग्रहालयात जुन्या पद्धतीने पोलाद घडवून दाखवतात, म्हणून सगळा प्रवास या रविवारभोवती बसवला होता. ओकायामाहून आको लाइनची गाडी भाताच्या खाचरांमधून जाते. ओसाफुने स्टेशन इवलंसं, बाहेर एकच टॅक्सी. चालक आजोबांना "तलवार" एवढंच सांगितलं, त्यांनी मान डोलावली.

कागेमित्सु इथला. त्याचे वडील नागामित्सु, आजोबा मित्सुतादा. योशिइ नदीचा काठ, नदीतून येणारी वाळू आणि कोळसा, आणि शेजारून जाणारा जुना सान्योदो रस्ता. त्यामुळे शेकडो वर्षं इथे तलवारकारांची वस्ती फुलली. 1590 च्या सुमारास योशिइ नदीला पूर आला आणि वस्तीच्या वस्ती वाहून गेली. पुन्हा तो दिमाख आला नाही. सेतोउचि नगरपालिकेने 2020 मध्ये उएसुगि केनशिन या 16व्या शतकातल्या सरदाराची ‘यामातोरिगे’ ही राष्ट्रीय ठेव विकत घेतली ती 50 कोटी येनला, तीही लोकांकडून वर्गणी काढून. आपल्या गावचं पातं परत आणायला एवढी वर्गणी निघते हे ऐकून मी गप्प झालो.

भट्टीपुढे बाकांवर शंभरेक माणसं. तलवारकाराने लालभडक पोलादाचा ठोकळा ऐरणीवर घेतला, दोन शिष्यांनी लांब दांड्याचे घण चालवले. ठोकायचं, मधोमध चीर पाडायची, दुमडायचं, परत ठोकायचं. या घड्या घालताना मध्ये राख किंवा मळी अडकली तर आत फट राहते, ती कधी कित्येक वर्षांनी पृष्ठावर उघडी पडते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आवारात कारागिरांच्या खोल्या आहेत. म्यान करणारे, शिकलगार, मुठीचं वेष्टण विणणारे. त्या दिवशी एका खोलीत पात्यावर कोरणारे गृहस्थ बसले होते. साठीचे असावेत, डोक्याला रुमाल, डोळ्यावर घड्याळजीचं भिंग. लाकडी ठोकळ्यावर पातं पक्कं बांधलेलं, खाली कापड. शेजारच्या खोक्यात छिन्न्या, जपानीत त्यांना ‘तागाने’ म्हणतात, सगळ्या त्यांनी स्वतः बनवलेल्या. मोजायचा मोह झाला आणि साठाच्या पुढे नाद सोडला. कोणाचं टोक अर्धगोल, कोणाचं सपाट, कोणाचं इतकं तिरकं की ती छिन्नी एकाच कामाची असावी. ड्रॅगनच्या नाकपुडीची, त्यांनी सांगितलं.

मी ओंकारच्या मागून बघत राहिलो. आधी पात्यावर शाईने आकृती काढलेली. छिन्नी रेषेवर तिरकी टेकवायची, हातोडीचा हलका ठोका द्यायचा, छिन्नी केसभर पुढे. टिक, टिक, टिक. पोलादाचा कीस निघतो तो फुंकरीने उडेल इतका बारीक. दहा-बारा ठोके झाले की ते थांबायचे, छिन्नी दगडावर दोनदा फिरवायचे, परत चालू. छिन्नी बोथट झाली की ती घसरते, आणि घसरली की पातं गेलं. इथे रंधा, सँडपेपर, वेल्डिंगची सोय नाही. त्यांच्या उजव्या बाजूला हामोन होती, कडक पट्टा. एकदाही छिन्नीचं तोंड त्या बाजूला वळलं नाही, ठोका नेहमी धारेपासून दूर. मी भोसरीत नव्या पोरांना दोन वर्षं हेच सांगत असतो, तोंड जॉबच्या कडेकडे नको.

ओंकारला विचारायला लावलं, "पोलाद किती कडक लागतं ते हाताला कसं कळतं?" ते म्हणाले, आवाजावरून. कडक ठिकाणी आवाज उंच होतो. जुन्या तलवारीवर काम करायचं झालं तर आधी बोटांनी वाजवून बघतात, म्हणाले.

पात्याला पाणी देऊन झालं, शिकलगाराने खडबडीत घासून आकार पक्का केला, की पातं कोरणाऱ्याकडे येतं. कोरून झालं की शेवटच्या चकाकीसाठी परत शिकलगाराकडे. पण ड्रॅगनच्या पोटात आणि पंजांच्या बेचक्यांत शिकलगाराचा दगड पोचत नाही. तिथली सफाई कोरणाराच बारीक दगडाच्या तुकड्यांनी आणि पोलादी सळईने घोटून करतो. एका ड्रॅगनला किती दिवस, विचारलं. त्यांनी खांदे उडवले आणि समोरच्याकडे बोट केलं. तो पावसाळ्याआधी सुरू केला होता म्हणे, आणि आम्ही गेलो तेव्हा थंडी पडू लागली होती.

निघताना त्यांनी मला एक जुनी, मोडलेली छिन्नी दाखवली. टोक तुटलेलं होतं. मी ती हातात घेऊन टोक बघितलं, घडणीचं पोलाद, टोकाला पाणी, मागे मऊ. "टेम्पर बरोबर आहे," मी मराठीतच म्हणालो. ओंकारने भाषांतर केलं, आणि त्यांनी पहिल्यांदाच भिंग कपाळावर सरकवून माझ्याकडे नीट बघितलं.

सोमवार, क्योतो

सोमवारी संग्रहालयं बंद. तोजी देऊळ उघडं होतं. 823 मध्ये सम्राटाने हे देऊळ कुकाइ या भिक्षूच्या हवाली केलं. कुकाइ चीनला जाऊन 806 मध्ये गूढ बौद्ध पंथ घेऊन परतला होता, आणि मंत्राक्षरं, होम, अचलाची उपासना यांना जपानमध्ये बळ दिलं ते त्याने. तोजीच्या व्याख्यानगृहात 21 मूर्तींचं मंडल आहे, 839 मध्ये पूर्ण झालेलं. अर्धवट अंधारात देवांची रांग, त्यांत एका बाजूच्या पाच क्रोधी देवांच्या मधोमध बसलेला अचल: उजव्या हातात तलवार, डाव्या हातात पाश, तोंड रागावलेलं. फोटोला मनाई आहे, त्यामुळे माणसं शांतपणे बसून बघतात.

तलवारींवरचा प्रत्येक कुरिकारा इथूनच निघाला. अचलाची तलवार अज्ञान छेदणारी, तिला विळखा घालून टोक गिळणारा नागराज, कुलिक. पूर्वेकडे येता येता तो ड्रॅगन झाला, त्याला पंजे आणि शिंगं आली. योद्ध्याने आपल्या तलवारीवर देवाची तलवार का कोरावी, हे मला उएनोत नीट उमगलं नव्हतं. इथे त्या मूर्तीपुढे बसल्यावर उमगलं. पातं शत्रूला मारतं, त्यावरची तलवार मारणाऱ्याच्या भ्रमावर रोखलेली. तसा तो खरंच विचार करायचा का, ते त्याचं त्याला माहीत.

संध्याकाळी निशिजिनच्या गल्ल्यांतून फिरलो. आज तिथे हातमागांचा आवाज ऐकू येतो. उमेतादाच्या भट्टीचा मागमूस नाही.

मंगळवार, क्योतो

विमान रात्रीचं. ओंकारच्या कंपनीतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी जुन्या तलवारींच्या एका दुकानात आधी फोन करून ठेवला होता. दुकान एका जुन्या लाकडी घरात, पाटी इतकी छोटी की दोनदा पुढे जाऊन परत आलो. मालकीणबाईंनी चहा दिला आणि मग दोन लाकडी म्यानं आणून चटईवर ठेवली. आधी पात्याला वाकून नमस्कार. पात्यावर बोलायचं नाही, श्वासाची वाफ पडते. बोट लावायचं नाही, घामाने गंज चढतो. डाव्या हातात कापड, त्यावर पात्याचं टोक टेकवायचं.

"मामा, हळू," ओंकार कुजबुजला. मला राग आला नाही, त्याची जबाबदारी होती.

पहिली वाकिझाशी, म्हणजे आखूड तलवार, दोन फुटांच्या आतली. अंगभर चढता ड्रॅगन, खवल्यांच्या कडा बोटाला टोचतील अशा धारदार. पण पातं बघितलं तर ते थकलेलं होतं. धारेचा पांढरा पट्टा टोकाजवळ एवढा अरुंद झाला होता की आणखी एक-दोनदा घासलं तर नाहीसा होईल, आणि पाठीलगत एका जागी पोत उघडं पडलं होतं. दगडाखाली पातं एवढं झिजलं आणि त्याच दगडाखाली ड्रॅगनची शिंगं मात्र तशीच राहिली, हे कसं शक्य आहे? मी ड्रॅगनच्या पोटाजवळ बोट न लावता दाखवलं. तिथे विळखा उगाचच रुंद होता, बाकीच्या अंगाच्या दीडपट. मालकीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, हो, नंतर कोरलेला आहे, बहुधा फट लपवायला. अशा कोरीव कामाला ‘आतोबोरि’ म्हणतात. घडताना राहिलेली फट वर आली की ती खोदून काढायची आणि खड्ड्याला ड्रॅगनचं रूप द्यायचं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, किमतीतही तसं धरलेलं आहे. दुकानदाराने असं उघड बोलावं हे मला आवडलं.

दुसरं पातं तान्तो, म्हणजे कट्यार, वीतभरापेक्षा थोडं मोठं. एका बाजूला फक्त जोडीच्या दोन खोबणी, गोमाबाशी. दुसऱ्या बाजूला काही नाही. खोबणींच्या कडा पात्याइतक्याच मवाळ, तळ घोटून काळसर झालेला, आणि खालचं टोक मुठीजवळच्या तांब्याच्या पट्टीखाली किंचित सरकलेलं. म्हणजे हेही थोडंसं आखूड झालं आहे. पातं आणि खोबणी एकाच वयाच्या, एकाच दगडाखाली झिजलेल्या. मी दोन्ही पाती परत परत बघितली आणि शेवटी तान्तोच धरून बसलो.

प्रत्येक पात्याबरोबर शिक्षण मंडळाने दिलेला नोंदणीचा कागद असतो, 1958 च्या शस्त्र कायद्याखाली. तो नसेल तर तलवार घरात ठेवणंही गुन्हा. मी तान्तोचा कागद ओंकारकडून वाचून घेतला. शस्त्राचा प्रकार, लांबी, बाक, खिळ्याच्या भोकांची संख्या, बुडख्यावरची सही. कोरीव कामासाठी रकानाच नाही.

मालकीणबाईंनी पात्याला लवंगेचं तेल लावलं, म्यानात सरकवलं, आणि आम्हाला विमानतळाकडची पुढची गाडी किती वाजता आहे ते सांगितलं.